शिवडी, कुर्ला आणि डॉजच्या बॉनेटखालचं डिझेल इंजिन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना दहा वेळा आलेलं 'म्हणजे' गाळलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

1 जून 1948 ला पुण्याहून नगरला पहिली एसटी धावली. ही गोष्ट आपण शाळेत सामान्यज्ञानात पाठ केलेली असते. मी वाघोलीत राहतो. नगर रस्त्यावर, म्हणजे त्या पहिल्या एसटीच्या वाटेवरच. पिलाजी जाधवरावांचं गाव, वाघेश्वराचं देऊळ, मग दगडाच्या खाणी, मग आम्ही आयटीवाले आणि आता ट्रॅफिक. त्या रस्त्याने आज कुठली गाडी गेली नसेल असं नाही. पण एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यात कुठल्या कंपन्यांच्या बस होत्या माहितीये? शेवरोले, फोर्ड, स्टुडबेकर, बेडफर्ड, आणखी काही. पहिल्या तीन सरळ अमेरिकन. बेडफर्ड ब्रिटिश, पण तिची मालक कंपनी अमेरिकेतली जनरल मोटर्स. 'अमेरिकन क्लासिक' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हॉलिवूडमधली गुलाबी कॅडिलॅक येते किंवा एखाद्या महाराजांचं गॅरेज. इथल्या लोकांच्या ओळखीची अमेरिकन गाडी मात्र धुळीतली होती. भाडं मारणारी, ओझं वाहणारी. आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या अमेरिकेतून तयार होऊन आल्याच नव्हत्या. त्या मुंबईत जुळवलेल्या होत्या.

जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला. फोर्डची भारतातली कंपनी 1926 ची, आणि गंमत म्हणजे ती फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीची शाखा होती, कारण ब्रिटन सोडून बाकीच्या साम्राज्यात गाड्या विकायचा हक्क त्या कॅनडावाल्यांकडे होता. पद्धत सोपी. गाडी सुट्या भागांत खोक्यांमध्ये भरून बोटीने यायची. चॅसिस, इंजिन, दरवाजे, सगळं वेगळं. इथे ते जोडायचं. आपण ऑनलाइन कपाट मागवतो आणि स्क्रू मोजत बसतो, तोच प्रकार, फक्त कपाट दीड टनाचं. याला सीकेडी म्हणतात आणि आजही हाच शब्द चालतो.

या धंद्यात फायदा परक्यांचा आणि काम आपलं, हे ज्यांना खुपत होतं त्यात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. इंजिनिअरिंगची पदवी पुण्याच्या कॉलेजची, म्हणजे आजचं सीओईपी. त्यांनी 1930 च्या दशकात मुंबईत मोटारींचा स्वदेशी कारखाना काढायची योजना मांडली. दिल्लीच्या इंग्रज सरकारने ती पुढे जाऊ दिली नाही. त्या योजनेत त्यांच्याबरोबर होते वालचंद हिराचंद. सोलापूरचे, जन्म 1882 चा. जहाजं, विमानं, साखर, बोगदे, या माणसाने काय करायचं ठेवलं नव्हतं हाच प्रश्न आहे; त्यांच्यावर वेगळा एपिसोड करावा लागेल. वालचंदांनी क्रायस्लर कंपनीशी करार केला, 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1947 च्या मार्चमध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडायला लागली. स्वातंत्र्याच्या पाच महिने आधी. कुर्ल्यात प्रीमियर रोड अजून आहे, पाटी बघा कधी गेलात तर.

कुर्ल्यातून काय निघायचं? डॉज, प्लायमाउथ, डीसोटो या कार आणि डॉज, फार्गो नावाचे ट्रक. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. क्रायस्लरला एकच गाडी तीन नावांनी विकायची खोड होती. निर्यातीची 'डॉज किंग्जवे' म्हणजे मुळात प्लायमाउथच, फक्त पुढची जाळी आणि नावाच्या पट्ट्या वेगळ्या. 'डीसोटो डिप्लोमॅट' पण तीच. फार्गोचा ट्रक म्हणजे डॉजचाच ट्रक. तेव्हा ही विक्रीची चलाखी होती. पुढे गाड्या जिवंत ठेवणाऱ्यांना तिचा केवढा उपयोग झाला ते बघूच.

मग 1953 आलं. टॅरिफ कमिशनने सांगितलं की नुसती जुळणी करणाऱ्यांनी इथून जावं. जे टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवायला तयार आहेत त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. शिवडीचा कारखाना 1954 मध्ये बंद झाला. प्रीमियर राहिली, पण तिचं लक्ष हळूहळू इटलीच्या छोट्या फियाटकडे वळलं, जी पुढे पद्मिनी झाली. मला विचाराल तर तो निर्णय बरोबर होता. त्याशिवाय पुणे-पिंपरी पट्ट्यात आज जे सुट्या भागांचे कारखाने आहेत ते उभे राहिले नसते. पण त्या निर्णयाची किंमत ज्याच्या दारात शेवरोले उभी होती त्याने मोजली. कंपनी गेली, सर्व्हिस गेली, आणि 1957 पासून परकीय चलनाची टंचाई इतकी की सुट्या भागांच्या आयातीला परवाना मिळणं म्हणजे दिव्यच. अमेरिकेत लोक दोन-तीन वर्षांत गाडी बदलत होते, तेव्हा आपल्याकडे त्याच गाडीला तीस-चाळीस वर्षं चालवायचं ठरलं. ठरलं कसलं, दुसरा पर्याय नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं की महाराष्ट्रात अमेरिकन गाडीचा खरा इतिहास शोरूमचा नाही, तो मेंटेनन्सचा आहे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी डॉज, प्लायमाउथ आणि शेवरोले टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं चालवल्या. आत सहा माणसं सहज बसायची. चॅसिस वेगळी आणि दणकट, रस्ता कसाही असो. अडचण एकच, पेट्रोल. साडेतीन लिटरच्या वर इंजिन, लिटरला सहा-सात किलोमीटर. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेल भडकलं आणि हे परवडेना. डिझेल स्वस्त होतं. मद्रासची सिम्पसन कंपनी पर्किन्सची डिझेल इंजिनं बनवत होती. मग काय, मिस्त्री लोकांनी बॉनेट उघडलं, अमेरिकेचं पेट्रोल इंजिन बाहेर काढलं आणि डिझेल आत बसवलं.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या भाषेत सांगायचं तर ही एका डिपेंडन्सीची गोष्ट नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे नवी प्लेट कापावी लागते, लेथवर. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवायचा. त्या काळातल्या क्रायस्लरच्या गाड्या 6 व्होल्टच्या, आणि वर बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला अर्थ केलेलं, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलटं. डिझेलचा स्टार्टर 12 व्होल्ट मागतो. म्हणजे डायनॅमो गेला, वायरिंग गेलं, बल्ब गेले, हॉर्न गेला. एक भाग बदलायला घेतला आणि अर्धी गाडी बदलली. हे सगळं ड्रॉइंगशिवाय, डोक्यातल्या डोक्यात.

अशीच एक गाडी केसनंद फाट्याच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये आहे. माझ्या टीममधल्या एका मित्राच्या मामांची. 1952 ची डॉज किंग्जवे, कुर्ल्याची. नंबर बीएमने सुरू होणारा, जुन्या मुंबईचा. आधी मुंबईत टॅक्सी, मग ऐंशीच्या दशकात शिरूरच्या एका व्यापाऱ्याने घेतली आणि लग्नाच्या वरातींना भाड्याने दिली. मामांनी ती घेतली तेव्हा बॉनेटखाली चार सिलिंडरचं पर्किन्स डिझेल होतं आणि मागच्या सीटखाली कधीचे तरी फुलांचे हार. मी गेलं वर्षभर शनिवारी तिथे जातो. हातात कामाचं काही देत नाहीत, टॉर्च धरायला देतात.

मामांना गाडी 'ओरिजिनल' करायची होती. त्यासाठी मूळचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन हवं. या इंजिनाला फ्लॅटहेड म्हणतात, कारण व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसतात, बाजूला ब्लॉकमध्येच असतात आणि वरचं हेड म्हणजे जवळजवळ नुसतं सपाट झाकण. मूळचं इंजिन चाळीस वर्षांपूर्वी भंगारात गेलेलं. पण आठवतंय ना, एक गाडी तीन नावं? मिस्त्रींनी कारमधलं इंजिन शोधलंच नाही. त्यांनी फार्गोचा ट्रक शोधला. हलक्या ट्रकमध्येही तेच इंजिन. एका खाणवाल्याच्या आवारात बाभळीखाली तो मिळाला. क्रायस्लरच्या इंजिन नंबरचं पहिलं अक्षर सगळं सांगतं: डॉज कारचं 'डी', प्लायमाउथचं 'पी', ट्रकचं 'टी'. आमच्या इंजिनावर 'टी' कोरलेलं आहे.

इंजिन उघडलं, बोअर केलं, नाना पेठेत आणि जुन्या बाजारात फिरून किरकोळ सामान गोळा केलं, पिस्टन रिंग आणि गॅस्केट अमेरिकेतून मागवले. हो, तिकडे आजही या इंजिनाचे भाग मिळतात; कस्टम ड्युटी भरताना मामांचा चेहरा बघण्यासारखा होता. स्टँडवर इंजिन चालू केलं. सुंदर चाललं. या इंजिनाचा आवाज नाहीच जवळपास, शिलाई मशीनसारखी नुसती सरसर. आणि वीस मिनिटांत मागचे दोन सिलिंडर तापायला लागले. पुढचे थंड, मागचे गरम. रेडिएटर नवा, थर्मोस्टॅट नवा, पंप नवा.

आधीच्या एका गॅरेजने, नाव घेत नाही, सांगितलं होतं की ही इंजिनं तापतातच, अमेरिकेच्या हवेला बनवलीत. हे थोतांड आहे. अमेरिकेत ॲरिझोना नावाचं वाळवंट आहे. मिस्त्रींनी न बोलता वॉटर पंप काढला, त्याच्या मागच्या भोकात एक लांब आकडा घातला आणि ओढला. गंजाचे तुकडे बाहेर आले. या ब्लॉकच्या आत एक लांब, चपटी, पातळ पत्र्याची नळी असते. पंपाचं पाणी ब्लॉकमध्ये सरळ सुटत नाही. ते आधी या नळीत जातं आणि तिला ठरावीक जागी पाडलेल्या भोकांतून बरोबर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटांवर जातं, कारण सगळ्यात जास्त उष्णता तिथे. नळी गंजून फुटली की पाणी पुढेच सांडतं, मागच्या सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. बाहेरून काहीच दिसत नाही. पत्रा तेव्हा स्वस्त पडला म्हणून वापरला असेल, आणि सत्तर वर्षं ती नळी टिकावी अशी कोणाची अपेक्षाही नसेल.

"ही नळी मला माझ्या उस्तादांनी दाखवली होती," मिस्त्री म्हणाले. "टॅक्सीवाले याच नळीला कंटाळून डिझेल टाकायचे. पेट्रोलचं निमित्त."

हे वाक्य मी डोक्यात घेऊन घरी आलो. इतिहासात आपण लिहितो की तेल महागलं म्हणून इंजिन बदललं. ते खरंच आहे. पण त्याच्याखाली पत्र्याची एक नळी पण असू शकते, आणि ती कुठल्याही अहवालात सापडणार नाही. मिस्त्रींनी नवी नळी पितळेची बनवली. भोकांच्या जागा गंजलेल्या तुकड्यांवरून कागदावर उतरवून घेतल्या. आता तापत नाही.

बाकीची देखभाल भराभर सांगतो. गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात, ते नेहमीसारखे सोडवायला गेलात तर आणखी घट्ट होतात आणि शेवटी तुटतात. पंक्चरवाल्याला आधी सांगायचं, मग चहा सांगायचा. मागचे ब्रेक ड्रम हाताने निघत नाहीत, पुलर लागतो. हातोडा मारणाऱ्याला शेडबाहेर काढा. एअर फिल्टर कागदाचा नाही, तेलाच्या भांड्याचा आहे. हवा तेलावरून वळते आणि धूळ तेलात बसते. वाघोलीत खडी क्रशरची धूळ आहे तोवर मला हा फिल्टर आजच्या कागदी फिल्टरपेक्षा शहाणा वाटतो: तेल ओतून द्या, भांडं रॉकेलने धुवा, परत भरा.

पेट्रोलचा विषय मात्र गंभीर आहे. शिशाचं पेट्रोल देशभरात 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झालं, ते उत्तमच झालं. आता प्रश्न ई-20 चा, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिना-महिना उभी राहिली की टाकीत गंज. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटं फुगतात, चुरा होऊन जेटमध्ये अडकतात. उपाय आहेत: इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या लावायच्या, पंपाचा पडदा बदलायचा, गाडी जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करायची. पण योगायोग बघा. ज्या वालचंदांनी कुर्ल्यात ही गाडी आणली, त्यांनीच आपल्या पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, साखर कारखाना उभा केला. त्या गावाचं नावच वालचंदनगर. आज उसापासून इथेनॉल होतं आणि ते इथेनॉल त्यांच्या डॉजचा कार्ब्युरेटर खातं. त्यांना हे कळलं असतं तर त्यांनी नळ्यांचा कारखाना काढला असता.

आता मुख्य भांडण. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदणी असेल तर नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं, फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. रोजच्या वापराला किंवा भाड्याला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढंच. नियम चांगले आहेत, त्याआधी सगळा अंधारच होता. पण एक अट आहे: गाडी मूळ रूपात असली पाहिजे, चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको.

मूळ रूप म्हणजे कुठलं? डेट्रॉइटमधलं? ही गाडी जोडली गेली कुर्ल्यात. 1952 ते साधारण 1975 तिच्यात फ्लॅटहेड होतं, त्यापुढे चाळीसहून जास्त वर्षं पर्किन्स. ती जगली पर्किन्समुळे. पर्किन्स नसतं तर ती कधीच भंगारात गेली असती, जशी तिच्या बरोबरची बहुतेक गेली. आता आम्ही एका ट्रकचं इंजिन बसवतोय, 'टी' नंबरचं, आणि त्याला ओरिजिनल म्हणतोय. कागदावर ते जास्त मूळचं दिसतं. शेडमध्ये यावरून दोन शनिवार वाद झाला. मामांचं म्हणणं, गाडी तिच्या बनवणाऱ्याने बनवली तशी दिसायला हवी, ऐकू यायला हवी. मिस्त्रींचं म्हणणं, टॅक्सी ही पण तिची नोकरी होती, ती का पुसायची? मला मिस्त्रींचं जास्त पटतं. आम्ही रोज कोडमध्ये जुन्या कमिटची हिस्टरी सांभाळून ठेवतो, आणि इथे सत्तर वर्षांवर फोर्स पुश मारायला निघालोय. पण मामांची बाजू मी हसण्यावारी नेत नाही. फ्लॅटहेडची ती सरसर एकदा ऐकली की कळतं. ती ऐकलेली माणसं आता कमी उरलीत, आणि ती ध्वनिफितीत ऐकण्यात मजा नाही.

शेवटी मधला मार्ग निघाला. फ्लॅटहेड गाडीत बसणार. पर्किन्स विकायचं नाही. ते साफ करून, तेल भरून, त्याच शेडमध्ये लोखंडी स्टँडवर राहणार, शेजारी ती लेथवर कापलेली जोडप्लेट. स्प्रिंगचा वाढवलेला पाटा पण काढून तिथेच टांगलाय. मिस्त्रींचं वय बहात्तर. त्यांना मी एका दुपारी फोनवर रेकॉर्ड केलं, कुठलं इंजिन कुठल्या गाडीत कसं बसवलं ते सगळं, दोन तास. त्यातला पाऊण तास शेवरोलेच्या बेअरिंगांवर आहे. 1953 पर्यंतच्या शेवरोलेच्या कनेक्टिंग रॉडमध्ये आजच्यासारखं बदलता येणारं बेअरिंग नसे, व्हाइट मेटल वितळवून ओतावं लागे आणि मग निळा रंग लावून हाताने घासत बसायचं. ते काम येणारी माणसं त्यांच्या माहितीत आता दोनच आहेत. तो भाग वेगळा एपिसोड म्हणून येईल.

तोवर एक करा. घरात, गावाकडच्या ट्रंकेत, आजोबांच्या कपाटात जुनं आरसी बुक असेल, डॉज, फार्गो, शेवरोले, विलीज जीप, कशाचंही, तर पहिल्या पानावर थांबू नका. मागच्या पानांवर आरटीओचे शिक्के असतात: इंजिन बदललं, पेट्रोलचं डिझेल केलं, रंग बदलला, टॅक्सीची खासगी झाली. प्रत्येक शिक्क्याला तारीख असते. सगळ्या पानांचे फोटो काढा आणि पाठवा. गाडी गेली असली तरी चालेल.